मुलाच्या हातावरची टीबीची टेस्ट लाल झालीये, म्हणजे टीबी झाला का? मदत हवी आहे

चिऊची_आई:
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सासऱ्यांचा खोकला दोन महिने जात नव्हता, वजनपण उतरलं, शेवटी थुंकी तपासली तर फुप्फुसाचा टीबी निघाला. त्यांची औषधं सरकारी दवाखान्यातून लगेच सुरू झाली पण पोरगं रात्रंदिवस आजोबांच्याच अंगाखांद्यावर, झोपायचंसुद्धा त्यांच्याच कुशीत, म्हणून मुलांच्या डॉक्टरांनी मांटू टेस्ट सांगितली.

सोमवारी सकाळी 10 वाजता हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई टोचली, वाटाण्याएवढा फुगा आला आणि थोड्या वेळात बसला. काल दुपारपासून लाल व्हायला लागलं आणि आज सकाळी रुपयाच्या नाण्याएवढा लाल चट्टा आहे. लॅबमध्ये नेलं तर तिथल्या माणसाने लांबूनच हात बघितला आणि कागदावर नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहून दिलं, आकडाबिकडा काही नाही. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, शुक्रवारी भेटतील. पोराला ताप नाही खोकला नाही, नीट जेवतोय खेळतोय. जन्मल्यावर बीसीजी दिलीये, दंडावर व्रणपण आहे, मग टीबी कसा होईल? की बीसीजीमुळेच टेस्ट अशी आली? जाऊबाई म्हणतात बालवाडीत पाठवू नकोस. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

जुनी_सिस्टर:
ताई आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ही टेस्ट 48 ते 72 तासांतच वाचायची असते, म्हणजे तुमच्याकडे उद्या सकाळी 10 पर्यंत वेळ आहे. उद्या लवकर दुसरीकडे कुठेतरी, जमलं तर सरकारी दवाखान्याच्या टीबी विभागात, हात दाखवा आणि मिलिमीटरमध्ये आकडा लिहून घ्या.

मी खूप वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. लाली मोजायचीच नसते! मोजायचा तो हाताला लागणारा टणक भाग, तोही हाताच्या आडव्या दिशेत. आम्ही बॉलपेन बाहेरून गाठीकडे हळू सरकवत न्यायचो, जिथे अडेल तिथे खूण, मग दुसऱ्या बाजूनेही तसंच आणि मधलं अंतर पट्टीने. 10 मिमी किंवा जास्त टणक असेल तर पॉझिटिव्ह धरतात, एचआयव्ही असेल तर 5 लाच. गाठ नसली तर 0 लिहायचं. नुसतं 'पॉझिटिव्ह' बघून डॉक्टर काय ठरवणार? खाजलं तरी चोळू देऊ नका, मलम लावू नका.

पाऊलवाट:
पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. सुईतून जातात ती टीबीच्या जंतूची प्रथिनं, जिवंत जंतू नाही. शरीराची त्या जंतूशी आधी गाठ पडली असेल तर ओळख ठेवणाऱ्या पेशी तिथे जमतात, त्याला दोन दिवस लागतात म्हणून लगेच वाचत नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी 1890 मध्ये हे ट्यूबरक्युलिन औषध म्हणून आणलं होतं, औषध म्हणून ते चाललं नाही पण त्याने उठणारी रिअ‍ॅक्शन निदानाला कामी आली. पिर्के यांनी 1907 मध्ये कातडीवर ओरखडा काढून टेस्ट केली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या मांटू यांनी कातडीत सुई द्यायची पद्धत आणली, तीच आजची.

जंतू आत जाऊन झोपून राहतो तो संसर्ग, तो वाढून त्रास देतो तो आजार. टेस्ट फक्त संसर्ग सांगते. आजार आहे का ते बघायला तपासणी, छातीचा एक्सरे वगैरे लागतं. बीसीजीमुळे थोडी रिअ‍ॅक्शन येऊ शकते हे खरं, पण जन्मल्यावर दिलेल्या लसीचा हा परिणाम हळूहळू ओसरतो, त्यामुळे घरात पेशंट असताना मोठी गाठ बीसीजीवर ढकलून गप्प बसू नका. बीसीजीचा घोळ टाळणारी रक्ताची इग्रा टेस्ट असते, सी-वाय-टीबी नावाची नवी कातडीची टेस्टही आली आहे. आणि बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, संसर्गच होऊ देत नाही असं नाही.

माऊची_आत्या:
आमच्याकडे उलटं झालं, भाचीची टेस्ट शून्य आली आणि आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. डॉक्टरांनी सांगितलं की संसर्गानंतर टेस्ट उमटायला 8 आठवडेसुद्धा लागू शकतात, कुपोषण असेल किंवा नुकताच गोवर झाला असेल तरी खोटी निगेटिव्ह येते. पाच वर्षांखालचं मूल आणि घरात फुप्फुसाचा टीबी, मग आजार नाही याची खात्री केली की टेस्ट काहीही येवो, प्रतिबंधक गोळ्या देतात. तिला आयसोनियाझिड रोज, 6 महिने दिली. बालवाडीचं म्हणाल तर नुसत्या संसर्गातून कुणालाही टीबी लागत नाही, आणि त्या पोराच्या मनावर किती परिणाम होईल याचा विचार करा. सरकारच्या टीबी कार्यक्रमाची निक्षय नावाची टोल फ्री हेल्पलाइन आहे, 1800116666, तिथे विचारा.

चिऊची_आई:
काल सकाळी साडेआठलाच गेलो. तिथल्या बाईंनी अगदी सिस्टरताईंनी सांगितलं तसंच पेनाने खुणा करून मोजलं. लाली 24 आणि टणक भाग 13 मिमी. आज डॉक्टर भेटले, नीट तपासलं, एक्सरे साफ आहे, आजार नाही म्हणाले!! 6 महिने आयसोनियाझिड रोज, वजनाप्रमाणे डोस, आणि उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच दाखवायला सांगितलंय. पोरगा बालवाडीत जाणार. आता एकच प्रश्न, गोळी तोंडात घेतली की थुंकून टाकतो, काय करू?

जुनी_सिस्टर:
बरं वाटलं वाचून. लहान मुलांची पाण्यात विरघळणारी 100 मिलीग्रॅमची गोळी येते, तीच दिलीये का बघा. असेल तर सकाळी उपाशीपोटी चमचाभर पाण्यात विरघळवा आणि गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा, नाक दाबून नको.

चिऊची_आई:
हो तीच आहे, पाकिटावर आत्ता वाचलं. उद्या सकाळी आजोबांच्या गोळ्यांच्या वेळेलाच देते, दोघं बरोबर घेतील.