रक्तस्राव कुठे आणि कशामुळे, हे नोंदीत हवंच

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्त दिसलं की नोंदीत आय ६२.९ हा निदानाचा कोड टाकून मोकळं व्हावं, असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी अजिबात सहमत नाही. तो कोड अनिर्दिष्ट रक्तस्रावाचा आहे. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आधी ठरतं ते कारण: डोक्याला मार लागला असेल तर एस ०६, नसेल तर आय ६० ते आय ६२. मग जागा. सबअरॅक्नॉइड (मेंदूलगतच्या पातळ आवरणांमधला) आय ६०, मेंदूच्या ऊतीतला आय ६१. त्यातही सेरिबेलम (लहान मेंदू) आय ६१.४, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आय ६१.३.

खरी अडचण सबड्यूरलची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाखालच्या रक्तस्रावाची. वयस्कर रुग्ण, रक्त पातळ करणारं औषध चालू, काही आठवड्यांपूर्वी किरकोळ पडल्याचं घरचे सांगतात. हा आय ६२.० (मार न लागता झालेला) की एस ०६.५ (मार लागून झालेला)? ते कोडरने अंदाजाने ठरवायचं नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विचारायचं. आणि प्रश्न मोकळा ठेवा, 'पडल्यामुळेच ना?' असं उत्तर सुचवू नका. तीव्र की जुनाट, हेही त्याच वेळी विचारून घ्या. पुढच्या भेटींमध्ये राहिलेल्या अर्धांगवायूसाठी पुन्हा आय ६१ लावलेला दिसतो, तिथे आय ६९ (अशा आजाराचे मागे राहिलेले परिणाम) लागतो. नाहीतर एकच रक्तस्राव कागदावर दोनदा होतो.