दबा धरून बसलेल्यांच्या तावडीतून सुटलेले, या इकडे

रात्रीचा हीलर
जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना एक स्क्रीनशॉट सापडला आणि हातातलं काम तसंच राहिलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ, त्यातलं स्ट्रँगलथॉर्नचं जंगल. माझी ३४ लेव्हलची प्रीस्ट (इतरांना बरं करणारं पात्र) गळाभर पाण्यात आणि काठावर हॉर्डचा, म्हणजे शत्रुपक्षाचा एक रोग (लपून वार करणारा मारेकरी). त्याच्या लेव्हलच्या जागी कवटी, म्हणजे किमान १० लेव्हल वरचा.

वाघ मारायचं क्वेस्ट होतं. मॅना (मंत्रांची ताकद) संपला म्हणून खाली बसले, तेवढ्यात मागून चीप शॉट, जागीच सुन्न करणारा वार. ४ सेकंद नुसतं बघत राहायचं. ते सुटतंय न सुटतंय तोच किडनी शॉट, तसलाच दुसरा वार. खेळ खलास. मग स्मशानातून भूत होऊन धावत या, उठा, परत मरा. पाच वेळा झालं हे. सहाव्या खेपेला डोकं चाललं. उठायला प्रेताला चिकटावं लागत नाही, थोडं लांबूनही चालतं. त्या टप्प्याच्या पार टोकाला नदी होती. तिथे उठले, अंगावर शील्डचा मंत्र टाकला आणि सरळ पाण्यात. तो काठापर्यंत आला, प्रकट झाला. आता काय करावं? मी हात हलवला. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. का सोडलं, देव जाणे.

तुम्हीही असे निसटला असाल तर लिहा. जिंकलेल्याच्या बढाया नकोत, पळ काढलेला हवाय.

आळशी बोका
पाच वेळा?? मी दुसऱ्याच वेळी कॉम्प्युटर बंद करून झोपलो असतो.

डोमकावळा
ईव्ह, अंतराळातल्या जहाजांचा खेळ. मालवाहू जहाज (जहाज कसलं, म्हैस ती), पोटात तीन महिन्यांची कमाई. गेटमधून (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे नेणारं दार) पलीकडे निघालो तर समोर चौघं टपलेले. पहिलं काम केलं ते म्हणजे काहीच केलं नाही. गेटमधून आल्यावर जागचं हललं नाही तर एक मिनिट आपण कोणाला दिसत नाही. ते मिनिट मला जन्मभर पुरेल. मग जहाज उलटं फिरवून ज्या गेटमधून आलो त्याकडेच रेटलं. ते तुटून पडले. मी एक गोळी झाडली नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. जो हल्ला करतो त्याला पुढचं मिनिटभर गेट वापरता येत नाही. शील्ड गेली, आर्मर गेलं, हलची (जहाजाच्या सांगाड्याची) पट्टी केसाएवढी उरली आणि मी पलीकडे. ते चौघं मात्र गेटच्या त्याच बाजूला अडकलेले!

नवशिक्या
चौघांनीही गोळ्या झाडल्या? एकाने थांबायला नको होतं का?

डोमकावळा
हवं होतं ना. पण हावरटांना कोण सांगणार. प्रत्येकाला किलमेलवर, म्हणजे कोणी कोणाला उडवलं त्या नोंदीवर, नाव पाहिजे.

सुस्तावलेली
फोनवरून लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला. आमचं रूनस्केप, तोही ऑनलाइन खेळच. वाइल्डरनेस, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात तो भाग. त्यात २० लेव्हलच्या वर साधा टेलिपोर्ट (मंत्राने दुसरीकडे उडी) नाही, तशीच उडी मारायला लावणारी ग्लोरीची माळ ३० पर्यंत चालते आणि मी होते ३२ वर. मागे एकजण लागला. तो मंत्राने गोठवणार, मी जीव भरायला मासे खाणार, सुटलं की चार पावलं दक्षिणेला, खालच्या लेव्हलकडे, परत गोठले. दोन लेव्हल चालायचंय फक्त! ते अंतर एवढं लांब असतं हे तेव्हा कळलं. त्याने टेलिब्लॉक (टेलिपोर्ट अडवणारा मंत्र) टाकला नाही हे माझं नशीब. शेवटचा मासा तोंडात टाकला, माळ घासली, आणि हात असा थरथरत होता की एजव्हिलऐवजी कारामजाला पोचले. तिथे दहा मिनिटं नुसती उभी होते. कपडे वाळत घालायचेत, येते परत

आळशी बोका
मध्ये बंद होती ना वाइल्डरनेसमधली मारामारी?

डोमकावळा
हो, २००७ च्या डिसेंबरपासून. माणसांच्या जागी रेव्हनंट, खेळच चालवतो ती भुतं, सोडले होते. २०११ ला परत पहिल्यासारखं केलं. रेव्हनंटला शिव्या देण्यात काय मजा, तो वाचतोय थोडाच.

पाणकोंबडा
वॉरक्राफ्टच. पॅलाडिन, ढालवाला योद्धा. तेव्हा मोठ्या ढालीत १२ सेकंद काहीच लागायचं नाही, घरी नेणाऱ्या हार्थस्टोनला १० सेकंद. गणित सोपं होतं. तिघं रोग माझ्याभोवती उभे राहून माझं घरी जाणं बघत होते. लाज? ती कशाशी खातात?

रात्रीचा हीलर
तुमच्याच जातीचा एकजण मला मागे टाकून असा घरी गेला होता!

पाणकोंबडा
ताई, ढालीत एकाचीच जागा असते हो.

मागच्या बाकावरचा
अल्टिमा ऑनलाइन, १९९७ पासूनचा खेळाडू. तुमच्याकडे मेल्यावर कपडे तरी अंगावर राहतात. मी वाचलो नव्हतो, तरी लिहितो. झाडीत दोन लाल नावाचे खुनी लपले होते, त्यांनी मला उडवलं. मागून मित्र येत होता. मी भूत होऊन त्याला जीव तोडून सांगतोय, पुढे येऊ नकोस, दोघं आहेत. पण भुताचं बोलणं जिवंताला कळत नाही, नुसतं "ऊऊ ऊऊऊ" दिसतं. तो "काय रे झालं?" म्हणून थांबला. बरोब्बर त्याच झाडाखाली. मग आम्ही दोघं मिळून ऊऊऊ.
२००० साली ट्रॅमेल हा खेळाचा वेगळा भाग आला, तिथे कोणी कोणाला असं मारू शकत नव्हतं. मित्र तिकडे राहायला गेला. आमचं बोलणंही हळूहळू कमी झालं.

नवशिक्या
काका, वाईट वाटलं. पण एक विचारू का? आता वॉर मोड (खेळाडूंनी एकमेकांना मारायची सोय) बंद ठेवला की वॉरक्राफ्टमध्ये कोणी हात लावत नाही. हे सगळं सहन का करायचात?

रात्रीचा हीलर
अरे तो २०१८ ला आला. आमच्या वेळी सर्व्हरच तसला निवडलेला असायचा. आणि मी निवडला कारण मैत्रीण तिथे होती. ती तीन आठवड्यांत कंटाळून गेली, मी अडकले.

आळशी बोका
विषयांतर: रात्रभर खेळून मनगट धरतं, कोणी उभा माऊस वापरलाय का?

पाणकोंबडा
वापरतोय. पहिला आठवडा उंदीर धरल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

डोमकावळा
हीलरताई, तो रोग जाताना काही बोलला का हो?

रात्रीचा हीलर
बोलला ना, स्क्रीनशॉटमध्ये आहे. हॉर्डची भाषा आपल्याला कुठे कळते. "केक" असं दिसतंय. मी इतकी वर्षं सॉरी समजत होते.

डोमकावळा
ताई... हॉर्डवाल्याने "लोल", म्हणजे हसू, लिहिलं की अलायन्सला, म्हणजे तुमच्या बाजूला, "केक" दिसतं.

रात्रीचा हीलर
काय!!!

सुस्तावलेली
आले. कपडे झाले. केक कसला चाललाय?