हॅमिल्टन विरुद्ध जेफरसन: भांडण तत्त्वाचं की खुर्चीचं?

रात्रपाळी: अमेरिकेतल्या पहिल्या दोन पक्षांबद्दल शाळेपासून एकच पाठ: अर्थमंत्री हॅमिल्टनच्या फेडरलिस्टांना बळकट केंद्र हवं होतं, परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकनांना राज्यांचे हक्क. मला हे पटत नाही, भांडण खुर्चीचंच होतं. १७९१मध्ये जेफरसनने राष्ट्रीय बँकेला विरोध केला. का, तर बँक काढायचा अधिकार घटनेत लिहिलेला नाही. हाच गृहस्थ अध्यक्ष झाल्यावर १८०३मध्ये फ्रान्सच्या नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना हा अवाढव्य प्रदेश घेतो. तो अधिकार कुठे लिहिला होता?

कोकणकडा: असहमत. ती अडचण त्यालाही टोचत होती, घटनादुरुस्तीचे मसुदेसुद्धा लिहून पाहिले त्याने. नेपोलियनचं मन फिरेल या धास्तीने गप्प बसला.
फूट पडली ती युद्धाच्या सरकारी कर्जावरून. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना रोख पगाराऐवजी रोखे, म्हणजे पैसे नंतर देऊ अशा सरकारी चिठ्ठ्या, मिळाले होते. हाताशी पैसा नाही म्हणून अनेकांनी ते सट्टेबाजांना मातीमोलाने विकले. १७९०मध्ये हॅमिल्टन म्हणाला, आज रोखा ज्याच्या हातात, पैसे त्याचे. जेफरसनचा साथीदार, खासदार मॅडिसन म्हणाला, मूळ सैनिकालाही वाटा द्या. हरला बिचारा. जेफरसन तर तेव्हा मंत्रिपदावर रुजूही झाला नव्हता. यात खुर्ची कुठे आली?

रात्रपाळी: मूळ सैनिक हुडकायचे कुठे? आणि सरकारच रोख्याचा शब्द फिरवायला लागलं, तर पुढच्या वेळी कर्ज कोण देणार? बाकी तुमच्या मॅडिसनने १७९१मध्ये बँकेविरुद्ध भाषण ठोकलं आणि १८१६मध्ये अध्यक्ष म्हणून दुसऱ्या बँकेवर सही केली. घ्या!

तिसरी_घंटा: दोघंही बँकेतून बाहेर या जरा. १७९८चा राजद्रोह कायदा विसरलात? फेडरलिस्टांचाच. सरकार, काँग्रेस, अध्यक्ष यांची बदनामी केली की तुरुंग. उपाध्यक्षाला मात्र कितीही शिव्या घाला, कारण त्या खुर्चीत जेफरसन होता. व्हर्मॉन्टचा खासदार मॅथ्यू लायन आत गेला आणि आतूनच पुन्हा निवडून आला. :-)

रात्रपाळी: त्या कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१, म्हणजे फेडरलिस्ट अध्यक्ष अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. अहो, तुम्ही माझीच बाजू मांडताय!

कोकणकडा: फेडरलिस्टांपुरती, हो. जेफरसनने आल्या आल्या त्या कायद्याखालच्या शिक्षा माफ केल्या आणि १८०२मध्ये हॅमिल्टनचा व्हिस्कीवरचा करही काढून टाकला. खुर्ची मिळाल्यावर हं, आधी नाही.