शाळेच्या ग्रंथपालाने एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) कुठून करावे?

सेलूची_वाचनखोली:
बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झाले आहे. परभणी जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. पुस्तके 4,000च्या आसपास, मराठी-हिंदी आणि थोडी उर्दू. एम.लिब. नियमित करावे की दूरस्थ? आणि शाळेत खरोखर उपयोगी पडेल असे अजून काय शिकावे?

गोदाकाठ:
ताई, आधी एक ठरवा: पुढे महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून जायचे आहे का? तिथे एम.लिब.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. तसे असेल तर छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्र विभाग बघा. वर्गीकरण आणि तालिकीकरणाची (पुस्तकांची सूची बनवण्याची) प्रात्यक्षिके समोर बसून केलेली बरी, घरी एकट्याने जमत नाहीत. पण नोकरीत राहून नियमित प्रवेश घेताना संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर सेवापुस्तकात पदवीची नोंद अडते.

शाळेतच राहायचे असेल तर दूरस्थ पुरे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), दोन्हीकडे ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाआधी त्या वर्षाची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) दूरस्थ मान्यता तपासा. इग्नूचे साहित्य ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, फी भरण्यापूर्वी चार धडे वाचून पाहा. तिथे बरेच जण स्वाध्याय वेळेत न दिल्याने अडकतात, पेपराच्या अवघडपणामुळे नाही.

पुस्तकघर_लातूर:
पदवी कुठूनही घ्या, पण कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर हाताखाली घालाच. मोफत आहे, लिनक्सवर चालते. 4,000 पुस्तकांना साधा संगणक पुरतो, यूपीएस मात्र हवाच. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि अचानक बंद पडले की डेटाबेस बिघडतो. दर शनिवारी बॅकअप पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह त्या खोलीत ठेवायचा नाही.

मराठी नोंदींमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदला, तशीच चढवली तर शोधात एकही पुस्तक सापडणार नाही. आणि कोहाच्या झेब्रा इंडेक्सिंगमध्ये (शोधासाठीच्या अनुक्रमणिकेत) आयसीयू हा युनिकोड लिपी हाताळणारा पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीचा शोध अर्धवट चालतो.

एक्सेलमधून चढवणार असाल तर आयएसबीएनचा (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा) रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर 13 अंकी क्रमांकाचे 9.78ई+12 होते आणि तसेच सीएसव्ही फाइलमध्ये साठवले तर शेवटचे आकडे परत मिळत नाहीत. मग मार्कएडिट या सॉफ्टवेअरने मार्क (ग्रंथालयाच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला नमुना) नोंदी बनवा, त्यातले रकाना क्रमांक असे: लेखक 100, शीर्षक 245, वर्गांक 082, भाषा 041. भाषेचा कोड भरायला आळस करू नका, उर्दूची पुस्तके वेगळी काढायला तोच लागतो. आधी 50 पुस्तके चढवून बघा, मगच बाकीची.

सेलूची_वाचनखोली:
मनापासून आभार. ज्ञानेश्वरी, नाथांचे भागवत, गाथा ही सगळी ड्यूई दशांश वर्गीकरणातल्या 891.461ला (मराठी काव्य) घालायची का? दाखल नोंदवहीत कुठे धर्म, कुठे कविता असे लिहिले आहे.

गोदाकाठ:
ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका म्हणून 294.5924 मध्येही बसते, काव्य म्हणून 891.461 मध्येही. दोन्ही बरोबर. चूक होते ती एक प्रत इकडे आणि दुसरी तिकडे ठेवल्याने. शाळेत मुले मराठीच्या पाठासाठी संतकाव्य शोधतात, म्हणून मी म्हणेन सगळे 891.461ला एकत्र ठेवा. हा निर्णय एका वहीत तारखेसह लिहा, नंतर येणाऱ्या ग्रंथपालाला कळले पाहिजे. उर्दू साहित्याला 891.439.

पुस्तकघर_लातूर:
एम.लिब.च्या लघुप्रबंधाला हाच विषय घ्या: शाळेतली पुस्तकांची देवघेव. इयत्तेनुसार कोणते पुस्तक किती वेळा गेले, कोणते कधीच हलले नाही. कोहाच्या अहवालातून आकडे मिळतात आणि पुढच्या खरेदीची यादी त्यावरूनच बनते. अभ्यासक्रमात बालसाहित्याची ग्रंथनिवड फार थोडी असते, ती उणीव इथे भरून निघेल. मार्गदर्शकाला पहिल्याच महिन्यात विषय सांगा, कारण किमान एका वर्षाची देवघेव नोंदलेली असल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.