एसएसआयएसमध्ये (एसक्यूएल सर्व्हरचे डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारे साधन) कॉलमचे नाव बदलल्यावर तुटलेले मॅपिंग

प्रश्न: नमस्कार. मूळ टेबलातील एका कॉलमचे नाव बदलल्यामुळे आमच्या डेटा फ्लोमधील (डेटा ज्या टप्प्यांतून जातो ती साखळी) पुढच्या घटकांत त्रुटी दिसत आहेत. प्रत्येक घटक उघडून मॅपिंग (कोणता कॉलम कोणत्या कॉलमशी जोडायचा ते) नव्याने करावे लागेल का?

उत्तर १: तशी गरज नाही. आधी सोर्समध्ये (डेटा वाचणारा घटक) नवा कॉलम निवडावा. त्यानंतर दोन घटकांना जोडणाऱ्या बाणावर राइट क्लिक करून ‘रिझॉल्व्ह रेफरन्सेस’ उघडावे, जेथे तुटलेले कॉलम नव्या कॉलमांशी एकत्रितपणे जोडता येतात. ही सोय एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२च्या आवृत्तीपासून आहे.

उत्तर २: डेस्टिनेशनचे (डेटा लिहिणारा शेवटचा घटक) ‘मॅपिंग्स’ पान मात्र अवश्य तपासावे, कारण तेथे ‘इग्नोर’ (म्हणजे कशाशीही न जोडलेला) राहिलेला कॉलम रिकामी नोंद स्वीकारत असेल, तर पॅकेज (हे सगळे काम चालवणारी एसएसआयएस फाइल) कोणतीही त्रुटी न दाखवता पूर्ण होते आणि त्या कॉलमात नल (रिकामी मूल्ये) भरले जातात. मला हाच धोका अधिक गंभीर वाटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दोन कॉलम खरोखरच ‘इग्नोर’वर होते.