हिवाळी स्पिती, डिझेल गाड्या आणि उणे २५ : नेमकी तयारी काय करायची?

घाटवाट (प्रश्न)
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून तीन गाड्या निघतायत. दोन डिझेल फोर बाय फोर, एक पेट्रोल जिम्नी. रस्ता शिमला–रामपूर–रेकाँग पिओ–नाको–ताबो–काझा, आणि परत तसाच, कारण मनालीकडची कुंझुम खिंड तेव्हा बंद असते. काझाजवळ दोन रात्री तंबूत राहायचंय. बॅटरी आणि कूलंट तपासून झालंय. डिझेल थिजतं हे सगळेच सांगतात, पण उपायावर एकमत नाही. कुणी म्हणतं रॉकेल मिसळा, कुणी म्हणतं टाकीखाली शेगडी ठेवा. टायरची हवा, हॅन्डब्रेक आणि रात्री इंजिन चालू ठेवायचं का, यावरही सांगा.

रेड्युसर_गिअर
आधी डिझेल, कारण बाकी सगळं त्यानंतर. डिसेंबरात पुण्यात खोबरेल तेलाची बाटली आधी गढूळ होते, मग थिजते. डिझेलचंही तसंच. त्यातलं मेण कण धरायला लागतं, टाकीतलं डिझेल वाहतं असतानाच हे कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि फिल्टर चोंदतो. म्हणून फसगत होते : गाडी सकाळी सुरू होते, लाइनमधल्या डिझेलवर पाच-दहा मिनिटं चालते, मग पिकअप जातो आणि बंद पडते. लोक पंप, इंजेक्टर तपासत बसतात. दोष बहुतेक वेळा फिल्टरमध्ये असतो.

आपल्याकडच्या साध्या डिझेलला मानकानुसार हिवाळ्यात पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) कमाल ३ अंश चालतो, उन्हाळ्यात १५. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेल्या विंटर ग्रेडचा उणे ३३ आहे. फरक यावरून कळावा.

तेव्हा मैदानातलं डिझेल वर नेऊ नका. पिओला पोचताना टाकी जेमतेम पाव असू द्या, आणि पिओ-काझाच्या पंपांवर भरण्याआधी विंटर ग्रेड आहे का ते विचारा. पिओ ते काझा साधारण २०० किमी आहे, त्यामुळे हे जमतं. नसेल तर अँटी-जेल अॅडिटिव्ह, म्हणजे मेण धरू न देणारं रसायन, डब्यावरच्या मापात. पण डिझेल स्वच्छ आणि द्रव असतानाच हे रसायन आधी टाकीत ओतायचं, वरून डिझेल भरायचं. मेण एकदा धरलं की अॅडिटिव्हचा उपयोग नाही.

खात्री करायची असेल तर पारदर्शक बाटलीत २०० मिली डिझेल घेऊन पहिल्या थंड मुक्कामी रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी ताकासारखं दिसलं तर त्या टाकीवर पुढे जाऊ नका.

निघण्याआधी फिल्टर बदला, त्याच्या तळाचं पाणी काढा (ते आधी गोठतं) आणि प्रत्येक डिझेल गाडीला एक जादा फिल्टर आणि तो खोलायचा पान्हा ठेवा.

रॉकेल नकोच. जुन्या ट्रकांना खपायचं. बीएस-६ (सध्याचे प्रदूषण निकष) गाड्यांमधल्या हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण मिळतं, रॉकेलने ते घटतं, गंधकामुळे एक्झॉस्टमधली यंत्रणा बिघडते, शिवाय ती भेसळच. शेगडीचं तर बोलूच नका. हल्ली टाक्या आणि पाइप प्लॅस्टिकचे असतात.

कूलंटवाला
कूलंट 'तपासलं' म्हणजे काय? पातळी बघितली की सांद्रता? आपल्याकडे गॅरेजवाले वर्षभर नुसतं पाणी ओतत राहतात. ग्लायकोल निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत गोठत नाही, तिसरा हिस्साच उरलं असेल तर उणे १८ च्या आसपास गोठायला लागतं. शंभर टक्के भरलं तर अजून वाईट, शुद्ध ग्लायकोल उणे १३ लाच गोठतं. रिफ्रॅक्टोमीटरने (सांद्रता मोजायचं छोटं यंत्र) दोन थेंबांत कळतं, तो मागा.

इंजिन ऑइल : डब्यावरचा 'डब्ल्यू'आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ. १५डब्ल्यू गटाची चाचणी उणे २० ला सेल्फ फिरण्यावर आहे, ५डब्ल्यूची उणे ३० ला. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० असेल तर तेच भरा. आणि बॅटरी उणे १८ ला निम्म्याच ताकदीची राहते, वर दाट ऑइल. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत नसेल तर निघण्याआधी बदला. उतरलेली बॅटरी गोठून फुटतेही.

सकाळी : दिवे, पंखा, चार्जर बंद. चावी दोनदा ऑन-ऑफ करून ग्लो प्लगचा (सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा दोनदा विझू द्या. क्लच पूर्ण दाबून सेल्फ दहा सेकंदांच्या आत, मग मिनिटभर थांबा. सुरू झाल्यावर रेझ करू नका. डीईएफची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर ते उणे ११ ला गोठतं, पण गाडी त्यामुळे अडत नाही. टाकीतला हीटर ते वितळवतो.

हॅन्डब्रेक ओढू नका, शूज ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड. वायपर काचेपासून उचलून ठेवा. बॉनेट पूर्वेला करा असं सगळे सांगतात. दरीत पूर्व कामाची नाही, डोंगराआडून पहिलं ऊन कुठे पडतं ते गावात विचारा.

सह्याद्री_लो_रेंज
टायरच्या हवेबद्दल. थंडीने आठ-नऊ पीएसआय उतरते असं सांगतात, पण ते गणित अर्धंच आहे. उंचीवर बाहेरचा दाब कमी, म्हणून गेज वाढीव दाखवतो. पुण्यात ३० अंशांना ३३ भरलेली हवा काझाला उणे २० मध्ये साधारण ३० दिसेल. म्हणजे तीनेक पीएसआय. मैदानातच जास्त भरून नेऊ नका, पोचल्यावर सकाळी गार टायर मोजून ठरवा.

बर्फाच्या साखळ्या आपल्या टायरच्या मापाच्या आहेत का, ते घरीच एकदा चढवून बघा. उणे १५ मध्ये, हातमोजे घालून पहिल्यांदा कडी लावणं जमत नाही. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर चालवून परत ताणा, वेग ४० च्या आत, आणि उघडा डांबरी रस्ता लागला की काढा. पार्ट-टाइम (गरजेपुरतं जोडायचं) फोर बाय फोरही कोरड्या डांबरावर लावून ठेवू नका. नाकोजवळ मल्लिंग नाल्याचं पाणी रस्त्यावर गोठतं. तो टप्पा दुपारी नको, सकाळी घ्या, तेव्हा वरून दगड कमी येतात.

घाटवाट
भारीच. सांद्रता बघितलेली नाही, उद्याच बघतो. तंबूत हीटर चालेल का? आणि रात्री इंजिन?

कूलंटवाला
तंबूत जळणारं काहीही नको. शेगडी, कोळसा, गॅस हीटर, काहीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. रात्रभर इंजिनही नको : आयडलवर डिझेल नीट तापत नाही, काजळी साठते, सायलेन्सरवर बर्फ साचला तर धूर आत येतो. मधे सुरू करायचीच असेल तर किमान वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर सेल्फने खाल्लेली वीज बॅटरीत परत येत नाही. सायलेन्सरचं तोंड तंबूकडे नको.

ऊब खालून जाते. स्लीपिंग बॅगवरचा 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते तापमान) आकडा बघा, 'लिमिट' (जेमतेम निभावेल ते) नव्हे, आणि मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवायची क्षमता) पाचच्या वर असू द्या. साधी निळी फोमची मॅट एकटी पुरत नाही, दोन एकावर एक टाका. गाडीत झोपलात तर काच बोटभर उघडी, नाहीतर श्वासाची वाफ आतून गोठून छतावर बर्फ धरते.

रेड्युसर_गिअर
चुलीचं राहिलं. ब्यूटेनचे छोटे डबे शून्याखाली वायूच देत नाहीत, मॅगीचं पाणीही होणार नाही. पेट्रोल किंवा रॉकेलचा पंप स्टोव्ह न्या, तंबूबाहेर. पाण्याचे कॅन पाऊण भरा आणि उलटे ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, म्हणजे बूच मोकळं राहतं.