कपाट नव्यानं लावायला पर्सनल स्टायलिस्ट हवा का?

घडीमोड
कपाट दाबून भरलेलं आणि तरी रोज तेच चार शर्ट अंगावर. अशा वेळी स्टायलिस्टला पैसे देणं योग्यच, असं माझं मत. फक्त कामाची सुरुवात दुकानात नव्हे, कपाटापाशी व्हायला हवी. सगळे कपडे बाहेर काढायचे आणि एकेक अंगावर चढवून बघायचा. कपड्यामागे 2 मिनिटं धरली तरी 90 कपड्यांना 3 तास लागतात. एकट्यानं करताना विसाव्या कपड्यालाच कंटाळा येतो आणि उरलेले नुसते बघूनच परत आत जातात. नको असलेले कपडे नेमके त्यांतच असतात.

उसवण
साफ असहमत. कपडा अंगावर नीट बसतो का हे बघण्याचं काम चांगला शिंपी करतो, तेही निम्म्या बोलण्यात. स्टायलिस्ट "थोडं अल्टर करून घ्या" म्हणून मोकळा होतो, पण काय होईल आणि काय नाही हे शिवण उलटून बघितल्याशिवाय कळत नाही. तयार शर्टाच्या ओव्हरलॉक केलेल्या (कडा दोऱ्यानं गुंफलेल्या) शिवणीत जेमतेम 1 सेंमी माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असते, तो सैल होणार कुठून? फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत बऱ्याचदा इंचभर माया मिळते, तिथे कंबर वाढते. पण जुन्या टाक्यांची भोकं आणि न विटलेल्या कापडाची गडद रेघ दिसत राहते. उलट कंबर 2 इंचांहून जास्त आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. खांदा उतरलेला असेल तर बाही काढून मुंढा (बाही जोडतात तो गोल भाग) नव्यानं बसवावा लागतो, म्हणजे साध्या शर्टाला न परवडणारं काम.

टाचणी
उसवण, शिवणीबद्दल तुमचं सगळं बरोबर. पण शिंप्याकडे न्यायचं काय, हे आधी ठरवायला नको? तिथेच जाणकार नजर लागते. कपड्यावरच्या सुरकुत्या वाचता आल्या पाहिजेत. छातीच्या गुंडीपासून फुलीसारख्या रेघा फुटल्या तर कपडा छातीत तंग. आडव्या घड्या म्हणजे घेर कमी, उभ्या लोंबत्या घड्या म्हणजे घेर जास्त. पँटच्या आसनापासून (दोन्ही पाय जुळतात त्या भागापासून) मांडीकडे तिरक्या रेघा गेल्या तर बहुतेक वेळा आसन अपुरं असतं, आणि आपण उगाच कंबर सैल करत बसतो. आरशात माणूस ताठ उभा राहतो, पोट आत घेतो. बाजूनं आणि पाठीमागून सहज उभं असताना दुसऱ्यानं फोटो काढला की खरं काय ते कळतं.

निळीकाळी
फिटिंगपुरतं मान्य. पण त्वचा-केसांच्या रंगावरून चार ऋतूंत माणसं वाटून, प्रत्येक ऋतूला ठरावीक रंग देऊन "तुम्ही शरद, काळा वर्ज्य" असं सांगणाऱ्या स्टायलिस्टना माझा विरोध आहे. रंगीत कापडं खांद्यावर टाकून बघायची तर दिवसाच्या उजेडात, मेकअप पुसून, रंगवलेले केस पांढऱ्या फडक्यानं झाकून. पिवळ्या दिव्याखाली केलेली तीच चाचणी वेगळं उत्तर देते. आणि त्या उत्तरावर अर्धं कपाट रिकामं करायचं? काळा चेहऱ्यालगत नको वाटला तर कमरेखाली घाला, प्रश्न मिटला.

उसवण
अगदी. शिवाय दुकानाकडून कमिशन घेणाऱ्या स्टायलिस्टला तुमचं जुनं जॅकेट आवडेल तरी कसं?

घडीमोड
कमिशनचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. मोबदला तासावर की खरेदीवर, हे पहिल्या भेटीआधी लेखी विचारा. खरेदीवर असेल तर नको म्हणा. रंगांचा ऋतुवाद मीही मानत नाही.

खरेदीची यादी कपाट पाहून झाल्यावरच निघावी, आणि "बेसिक पांढरा शर्ट" इतकी मोघम नसावी. कोणत्या तीन जुन्या कपड्यांवर तो जाणार, हे त्याच ओळीत लिहिलेलं हवं. तीन सापडत नसतील तर ती ओळ खोडा. दुकानात जाताना जुळवायची पँट सोबत न्या आणि दोन्ही कपडे दाराशी, उजेडात धरा. दोन गडद निळे दिव्याखाली एकच वाटतात, उन्हात एक जांभळट निघतो, कारण रंगद्रव्यं निराळी असतात. घरी आल्यावर लेबल न काढता तिन्ही जोड्या घालून बघा, खाली बसून, हात वर करून. शर्ट पँटमधून बाहेर येत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.